बारा वर्षांची थंडरबर्ड बदलताना : एका टूरिंग गाडीचं प्रकरण

गाडी रॉयल एनफील्ड थंडरबर्ड ३५०. घेतली २०१३ च्या पाडव्याला, पासिंग एमएच-०९, म्हणजे कोल्हापूरचं. चालवणारे माझे दाजी, वय ५३, एका सहकारी साखर कारखान्याच्या अकाउंट खात्यात. मागे बसणारी ताई. गाळप हंगाम संपला की उन्हाळ्यात एक लांबचा दौरा, आणि एरवी सवड मिळेल तसं कोकण, हा त्या दोघांचा शिरस्ता. मीटरवर १ लाख ४ हजार किलोमीटर. २०२५ च्या पावसाळ्यात प्रश्न पडला : गाडी पुन्हा नीट करून घ्यायची की बदलायची? बदलायची तर कुठली घ्यायची?

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण २०१० ते २०१५ च्या दरम्यान हौसेने घेतलेल्या गाड्या आता एकाच वेळी थकायला लागल्यात आणि अनेक घरांत हीच चर्चा चालू आहे. चर्चा बहुतेक वेळा इंजिनावर आणि आवाजावर अडकते. दाजींच्या बाबतीत निर्णय फिरला तो ब्रेक, सीटची उंची आणि ताईची पाठ या तीन गोष्टींवर.

काय थकलं होतं

दाजी अकाउंटवाले, त्यामुळे गाडीची वही आहे. प्रत्येक वेळी टाकी फुल्ल केली की किलोमीटर आणि लिटर. प्रत्येक सर्व्हिसला काय बदललं, किती लागले. ती वही चाळली तर गाडीचा ढासळण्याचा वेग डोळ्यांना दिसतो. पहिली आठ-नऊ वर्षं ऑइल, फिल्टर, टायर, चेनकिट, क्लच प्लेट एवढीच ये-जा. त्यानंतर नोंदी दाट होतात आणि त्यांचं स्वरूपही बदलतं. वायरिंगचा जोड तुटला, स्पीडोची केबल गेली, रेग्युलेटर बदलला, कार्बोरेटर साफ केला, पुन्हा साफ केला. यातला एकही खर्च मोठा नाही. पण दौऱ्याच्या गाडीवरचा भरवसा अशाच बारीक खर्चांनी जातो. घरापासून पाच किलोमीटरवर वायर तुटणं वेगळं आणि दूर कर्नाटकात गदगच्या पुढे उन्हात तुटणं वेगळं.

जुलैमध्ये फोंडाघाट उतरताना एका वळणावर पुढचा ट्रक अचानक थांबला. रस्ता ओला. दाजींनी दोन्ही ब्रेक लावले, मागचं चाक लॉक झालं, गाडी आडवी होत होत कडेच्या लाल मातीत जाऊन टेकली. ताईचा गुडघा खरचटला, एवढ्यावर निभावलं. घरी आल्यावर दाजी म्हणाले, "गाडीची चूक नाही, मीच जोरात दाबला." खरं आहे, पण ओल्या उतारावर, मागे माणूस बसलेलं असताना, अचानक संकट आल्यावर कोणीही जोरातच दाबतो. एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा, नेमकी त्याच क्षणासाठी असते. चाकाचा वेग एकदम पडतोय हे सेन्सरला कळतं, ब्रेकचा दाब क्षणभर सोडून पुन्हा लावला जातो, चाक फिरत राहतं आणि गाडी हँडलचं ऐकते. भारतात १२५ सीसीवरच्या नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. २०१३ च्या या गाडीत ते नव्हतंच, आणि नंतर बसवून घेण्याची व्यवहार्य सोयही नाही.

मेस्त्रींचा अंदाज

गाडी बारा वर्षं ज्यांच्या हाताखालून गेली, त्या मेस्त्रींकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी गाडी मेन स्टँडवर घेतली, मला मागून दाबायला सांगितलं आणि पुढचं चाक अधांतरी झाल्यावर हँडल हळूच डावी-उजवीकडे फिरवलं. मधोमध आलं की हँडल खाचेत बसल्यासारखं अडकायचं. "कोनसेट गेला," ते म्हणाले. कोनसेट म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग. मग पुढच्या चाकाच्या फोर्कचे खालचे पाय धरून पुढे-मागे हलवले, मागचं चाक धरून त्याला आधार देणारा स्विंगआर्म हलवला. बुशमध्ये खेळ हाताला लागत होता. फोर्कच्या नळीवर तेलाची ओली रेघ होती, म्हणजे ऑइल सीलही गेले. शेवटी पुढचा ब्रेक दाबून धरला आणि डिस्कच्या रबरी पाइपवर बोट ठेवायला लावलं. लिव्हर दाबला की पाइप किंचित फुगत होता. बारा वर्षांच्या रबराचं असंच होतं : हातानं लावलेला जोर थोडा पाइप फुगवण्यातच खर्ची पडतो आणि ब्रेक गुळगुळीत, ढिला लागतो.

इंजिनाबद्दल मात्र मेस्त्री ठाम होते. कॉम्प्रेशन बरं आहे, बोअर-पिस्टनला अजून दोन-तीन वर्षं हात लावायचं कारण नाही.

कोनसेट, सील, बुश, ब्रेकचे पाइप आणि कॅलिपरचं किट, पूर्ण वायरिंग, दोन्ही टायर-ट्यूब, मागचे शॉकअप, चेनकिट आणि मजुरी मिळून अंदाज आला ३८ ते ४२ हजारांचा. नव्या गाडीच्या किमतीपुढे ही रक्कम काहीच नाही. केवळ पैशांचा प्रश्न असता तर दुरुस्ती हेच उत्तर होतं आणि मीही तेच सांगितलं असतं. ज्यांचा वापर शहरापुरता आहे, एकट्याचा आहे, गाडीवर जीव आहे, त्यांनी तेच करावं. पण ४० हजार घालूनही एबीएस येत नव्हतं, तारांची चाकं आणि ट्यूब तशीच राहत होती, आणि नोंदणीची १५ वर्षं एप्रिल २०२८ मध्ये संपत होती. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवा, नूतनीकरण करा, पर्यावरण कर भरा. शिवाय पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल ओलावा धरतं, जुन्या रबरी भागांना मानवत नाही, आणि कार्बोरेटरच्या गाडीला इंधन बदललं म्हणून मिश्रण आपोआप जुळवून घेता येत नाही.

ट्यूबच्या चाकाचं दुखणं टूरिंग करणाऱ्यांनाच कळेल. पंक्चर झालं की चाक खोलायचं, टायर उतरवायचा, ट्यूब काढायची. मागचं चाक असेल तर चेनही सोडवा. ट्यूबलेसला खिळा काढून भोकात रबरी प्लग भरला आणि छोट्या पंपाने हवा मारली की वाटेला लागता येतं.

नवीन कुठली

पुण्याहून भाच्याने सुचवली हिमालयन ४५०. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यात रॉयल एनफील्डच्या मोटोव्हर्स मेळ्यात बाजारात आली, ४५२ सीसी, लिक्विड कूल्ड, ४० पीएस, सहा गिअर. गाडी फार चांगली आहे यात वाद नाही. मी स्वतः चालवून पाहिली आणि घाटात तिचा दम पाहून खूश झालो. पण तिची सीट ८२५ मिलिमीटरवर. थंडरबर्डची ७७५ होती. दाजींची उंची बेताची. शोरूमच्या फरशीवर चवड्यांवर उभं राहता येतं. पण मागे ताई, दोन्ही बाजूंना बॅगा आणि पायाखाली उताराची खडी असेल तेव्हा चवडे पुरत नाहीत. लांब दौऱ्यात गाडी पडते ती बहुधा थांबलेली असतानाच, वळवताना, पार्क करताना. ताई मागे बसून उतरली तेव्हा फक्त एवढंच म्हणाली, "मला हिच्यावर चढायला रोज शिडी लागेल." हिमालयन तिथेच मागे पडली.

होंडाची हायनेस सीबी ३५० दुसरी. ३४८ सीसी, १८१ किलो, इंजिन लोण्यासारखं. कमी आरपीएमला, ३००० वरच ३० न्यूटन-मीटर टॉर्क (चाक फिरवणारा जोर) देते, त्यामुळे दुहेरी बसून चढावर गिअर कमी बदलावे लागतात. सीट ८०० मिलिमीटर. ही जवळजवळ ठरत आली होती. अडलं ते बसण्याच्या ढबीवर : दाजींना पाय थोडे पुढे टाकून बसायची बारा वर्षांची सवय, आणि ताईला पाठीला टेका हवा.

तिसरी मीटिऑर ३५०. थंडरबर्डच्या जागीच रॉयल एनफील्डने ती नोव्हेंबर २०२० मध्ये आणली. सीट ७६५ मिलिमीटर, पाय पुढे, आणि सुपरनोव्हा या वरच्या प्रकारात पुढे काच व मागे बसणाऱ्याला पाठीचा टेका कंपनीतूनच.

दाजींनी दोन्ही गाड्यांचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले आणि नाराज झाले. थंडरबर्ड १९.८ बीएचपी, मीटिऑर २०.२. टॉर्क २८ वरून २७. वजन १९२ किलोच्या जागी १९१. "बारा वर्षांनी अडीच लाख घालायचे आणि अर्धा घोडा वाढवायचा? बदललं काय?"

प्रश्न रास्त होता. टाकी तर उलट लहान झालेली, २० लिटरची १५. किकही गेली. उत्तर चालवण्यातच मिळणार होतं, म्हणून मी शोरूमवाल्यांना विनंती करून टेस्ट राइड नेहमीच्या चौकापर्यंत न ठेवता हायवेवर न्यायला लावली, तीही ताईला मागे बसवून. हा माझा आग्रह प्रत्येकाला असेल : मागे जे माणूस दौऱ्यात बसणार आहे, त्याच्याशिवाय टूरिंग गाडीची टेस्ट राइड घेऊच नये.

हायवेला ८० च्या पुढे फरक कळला. जुन्या इंजिनात बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिलिमीटर, व्हॉल्व्ह पुशरॉडने उघडणारे. तो लांब स्ट्रोकच त्या प्रसिद्ध ठोक्याचा आणि हँडल-फूटरेस्टमधल्या थरथरीचा बाप. नव्या इंजिनात बोअर ७२, स्ट्रोक ८५.८, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम वरच, आणि थरथर मारायला बॅलन्सर शाफ्ट. कागदावर ताकद तेवढीच, पण ९० ला तास दीड तास चालवून हाताला मुंग्या येत नाहीत. चासीही वेगळी, जुनीत इंजिनापुढे एकच नळी खाली येते, नवीत दोन. ब्रेकचं तर बोलायलाच नको : पुढची डिस्क २८० ऐवजी ३०० मिलिमीटर, मागची २४० ऐवजी २७०, एबीएस दोन्ही चाकांना. अलॉय व्हील, ट्यूबलेस टायर, फ्यूएल इंजेक्शन.

मोकळ्या सर्व्हिस रोडवर दाजींनी ताईला उतरवून ब्रेक मुद्दाम कचकन लावून पाहिला. पायाखाली पेडल धडधडलं, गाडी सरळ रेषेत उभी राहिली. त्यांनी पुन्हा लावून पाहिला. त्यानंतर ताकदीचा विषय त्यांनी काढला नाही.

टाकीची काळजी मात्र राहिली, कारण लडाख डोक्यात आहे. तिथल्या हिशेबाने पाहू म्हटलं. मनालीहून लेहला जाताना तांडीच्या पंपावर फलक आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटर. लिटरला ३० धरले तरी १५ लिटरमध्ये ४५० होतात. शिवाय तांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. कार्बोरेटरची गाडी तेवढ्या उंचीवर पेट्रोल जास्त ओढते, धूर काढते, चढावर कण्हते. इंजेक्शनची गाडी हवा मोजून पेट्रोल देते. पाच लिटर कमी झालेल्या टाकीची भरपाई त्यात बऱ्यापैकी होते.

३५० सीसीची रेघ

गाडी ऑगस्टमध्येच बुक होणार होती. १५ ऑगस्टच्या भाषणात जीएसटी कपातीची घोषणा झाली आणि दाजी थांबले. ३ सप्टेंबरला कौन्सिलचा निर्णय आला, लागू २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमकी घटस्थापना. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींना २८ ऐवजी १८ टक्के. त्यावरच्यांना सेस धरून ३१ टक्के पडायचे, ते ४० झाले.

मूळ किंमत १०० धरा. लहान गाडी १२८ वरून ११८ ला आली, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरली. मोठी १३१ वरून १४० ला गेली, जवळपास सात टक्के चढली. ३४९ सीसीची मीटिऑर रेघेच्या अलीकडे, ४५२ सीसीची हिमालयन पलीकडे. हिमालयनची सुरुवातच तीन लाखांवर गेली. सुपरनोव्हा एक्स-शोरूम साधारण २ लाख १५ हजारांना पडली. महाराष्ट्रात २९९ सीसीवरच्या दुचाकीला एकरकमी कर १२ टक्के, तोही किमतीवर मोजला जातो, त्यामुळे थांबल्याने एकूण २० हजारांच्या आसपास वाचले.

विम्यातही हीच रेघ आहे. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा घ्यावाच लागतो. १५० ते ३५० सीसीला त्याचा हप्ता ७,३६५ रुपये, ३५० च्या वर १५,११७. सगळं धरून मीटिऑर रस्त्यावर आली २ लाख ६० हजारांच्या घरात. शिवाय त्याच सप्टेंबरात कंपनीने एलईडी हेडलाइट, हलका स्लिप-असिस्ट क्लच आणि टाइप-सी चार्जिंग दिलं होतं. घाटात दिवसभर क्लच दाबणाऱ्या डाव्या हाताला त्या क्लचचं मोल कळतं.

दाजींच्या जुन्या विम्यावर नो क्लेम बोनस ५० टक्क्यांपर्यंत साठला होता. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर जात नाही. जुनी गाडी विकल्याचा कागद देऊन विमा कंपनीकडून पत्र घेतलं की नव्या गाडीच्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यात सूट मिळते. पत्र तीन वर्षं चालतं. शोरूममध्ये कोणी आपण होऊन हे सांगेलच असं नाही, मागून घ्यावं लागतं.

जुनीचे कागद

शोरूमने एक्स्चेंजला ३२ हजार सांगितले. ओळखीतून गडहिंग्लजच्या एका तरुण शिक्षकाने ४६ हजार देऊ केले. त्याला गाडी स्वतः नीट करायची हौस होती. दाजींनी मेस्त्रींची यादी त्याच्या हातात ठेवली आणि ब्रेकचे पाइप व कोनसेट बदलल्याशिवाय घाटात नेऊ नकोस, असं बजावलं. किंमत त्या यादीवरच ठरली. मला हे मनापासून आवडलं. दुसऱ्याच्या पोराला आपल्या गाडीवर बसवताना एवढं सांगणं आपलं कर्तव्यच आहे.

व्यवहार मात्र तीन आठवडे रखडला. आरसी बाहेर काढली तर कर्जाचा बोजा अजून त्यावरच. कर्ज फिटलं २०१६ ला, पतसंस्थेने त्या वेळी ना हरकत दिली होती, पण ती आरटीओत नेऊन बोजा उतरवायचा राहून गेला. जुनं पत्र आता चालेना. पतसंस्थेकडून नवीन ना हरकत, फॉर्म ३५, मग बोजा उतरला. मध्येच हाय सिक्युरिटी नंबरप्लेट आली. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची आणि तिच्याशिवाय हस्तांतरणाचं काम पुढे सरकत नाही. एक जुनं ई-चलन निघालं, ते भरलं. पीयूसी नवीन काढली. मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. घेणारा एमएच-०९ मधलाच, म्हणून दुसऱ्या आरटीओची ना हरकत लागली नाही. सांगलीचा असता तर फॉर्म २८ ची आणखी एक फेरी होती.

पैसे मिळाले, गाडी दिली, सह्या करून दिल्या, आता त्याचं तो बघेल, असं फार जण करतात. कायद्याने विकणाऱ्यालाही १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघात झाला तर कोर्ट त्यालाच मालक धरतं. दाजींनी आरसीवर नवीन नाव चढेपर्यंत गाडी दारातून हलू दिली नाही. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर विकायचं मनात नसतानाही आजच आरसी काढून बोजा उतरलाय का तेवढं पाहा.

दोन्ही गाड्या ठेवाव्यात असाही सूर घरात होता. मी विरोध केला. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाळतं, विमा-पीयूसी चुकत नाही.

त्यानंतर

मीटिऑर दसऱ्याला, २ ऑक्टोबरला घरी आली. पूजा झाली, झेंडूचा हार चढला, आणि दिवाळीच्या सुट्टीत पहिल्या सर्व्हिसनंतर दोघं बेळगाव-हुबळी-गदगमार्गे हंपीला जाऊन आले. वहीची नवी पानं सुरू झाली आहेत. मायलेज लिटरला ३४ च्या आसपास पडतंय, जुनीपेक्षा थोडं बरं.

तक्रारीही आहेत. मागचं सस्पेन्शन खड्ड्यात कडक लागतं; प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, सहा टप्प्यांत बदलता येतं, दुहेरीसाठी चौथ्यावर ठेवल्यावर ताईला त्यातल्या त्यात सुसह्य झालं. जुन्या बॅगांचे पाइप बसले नाहीत, नवीन करून घ्यावे लागले. किक नसल्याने दाजी हंगामात आठवड्यातून एकदा तरी गाडी फिरवून बॅटरी जिवंत ठेवतात. ठोका त्यांना आठवतो आणि ते तसं बोलूनही दाखवतात.

ताईचं म्हणणं वेगळं. पूर्वी दर ५० किलोमीटरला थांबा म्हणायची, हंपीला जाताना धारवाडपर्यंत तिने थांबायला सांगितलं नाही. टेकलेली पाठ दुखली नाही, हे पहिलं कारण. दुसरं तिने परतल्यावर मला फोनवर सांगितलं : फोंडाघाटातल्या त्या प्रसंगानंतर उतारावर ती दाजींचा खांदा घट्ट धरून बसायची, आता तसं होत नाही.

लडाख येत्या जूनमध्ये आहे. जाताना श्रीनगर-कारगिल, म्हणजे उंची हळूहळू अंगवळणी पडेल, आणि येताना मनाली. त्याआधी मागचे शॉकअप बदलायचे की नाही, एवढाच वाद घरात बाकी आहे, आणि त्यात मी ताईच्या बाजूने आहे.